वेळ अमावस्येची कच्ची मेथी

कासारखडीच्या तीन तळ्यांत काहीच चालत नव्हतं, आणि गावाचा संशय नेमका तिथूनच सुरू झाला.

सरकारी योजना म्हटली की काहीतरी घरघरलं पाहिजे. मोटार पाहिजे, पट्टा पाहिजे, निदान एखादा पाइप अधूनमधून फुटला तरी पाहिजे. म्हणजे काम चालू आहे एवढं लोकांना कळतं. इथं तसलं काही नव्हतं. गावाच्या खालच्या अंगाला एकाखाली एक अशी तीन तळी खोदली होती. मोऱ्यांचं आणि संडासांचं सगळं पाणी नाल्यानं पहिल्या तळ्यात यायचं आणि बसायचं. तिथून ते सावकाश दुसऱ्यात जायचं आणि बसायचं. तिसऱ्यात आणखी बसून झालं की मग भाजीच्या रानांकडं निघायचं. योजनेचा गाजावाजा ऐकून लोकांना वाटलं होतं, पाण्यावर काहीतरी प्रक्रिया होणार. पाण्याला कुणी हात लावायचा नाही, हीच ती प्रक्रिया होती.

"नुसतं बसवून ठेवायला इंजिनेर कशाला पाहिजे? तेवढं काम आपल्या पंचायतीला येतंय की," असं शेषेरावांनी उद्घाटनाच्या दिवशीच विचारलं. नाल्याकाठच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांत शेषेरावांचं रान सगळ्यात मोठं, आणि आवाज रानापेक्षा मोठा. त्यामुळं ते पुढारी.

ज्या जिल्ह्यानं प्यायचं पाणी रेल्वेच्या डब्यांतून येताना बघितलंय, तिथं ओलं काहीही अडवून धरणाऱ्याकडं लोक जरा बारीक डोळ्यांनीच बघतात. त्यात तळ्यांवर नेमलेली वर्षाराणी हिमायतनगरची, म्हणजे नांदेड जिल्ह्यातली. आयुक्तालय लातूरला की नांदेडला हा वाद निघाल्यापासून नांदेडकडून आलेली वस्तू आमच्याकडं उलटीपालटी केल्याशिवाय घेत नाहीत. पोरगी वयानं लहान होती, स्कूटी जुनी होती, इथवर ठीक होतं. पण ती विचारलं तेवढंच आणि खरं सांगायची. सरकारी माणूस असं कामून बोलेल?

तळ्याशेजारी तिची एक खोली होती. खोलीत एक सूक्ष्मदर्शक, म्हणजे गावाच्या भाषेत दुर्बीण होती, आणि त्या दुर्बिणीतून ती पाण्याचा थेंब बघते असं खिडकीतून डोकावलेल्यांनी सांगितलं. पुढचं त्यांना सांगता आलं नाही, कारण तिनं खिडकीला पडदा लावला. दुपारचं ऊन काचेवर यायचं म्हणून लावला होता. पण पडदा तो पडदा.

खरा प्रश्न वेगळाच होता. पाणी आत जाताना काळं कुळकुळीत असायचं, आणि बाहेर येताना हिरवट पण निर्मळ. मग मधलं काळं गेलं कुठं?

"तळाला बसलं," वर्षाराणी म्हणाली.

"बसलं का बसवलं?" शेषेरावांनी विचारलं. "आन् कुणासाठी?"

पुढचं गावानं आपापसात जुळवलं. तिच्या मामाची धर्माबादला मिरची आहे. आपल्या पाण्यातला कस काढून घेऊन त्या मिरचीला घालतात, आणि आपल्याला उरलेलं पातळ पाणी सोडतात. धर्माबादची मिरची त्या वर्षी झणझणीत निघाली, हा पुरावा. वर्षाराणीला मामाच नव्हता. पण ते तिला कुणी विचारलं नाही.

तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. बसवराज अप्पांच्या दुकानात ती एकदा साबण घ्यायला गेली. अप्पा गावातले जुने लिंगायत व्यापारी. पुढं किराणा, मागं भाजीचा ठोक धंदा. नाल्याकाठच्या सगळ्या रानांतल्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ते गोळा करत आणि लातूरच्या मेसवाल्यांना पोचवत. डॉक्टर होण्यासाठी घोकणारी निम्मी पोरं अप्पांच्या कोथिंबिरीवर पोसली जात होती.

"अप्पा, पाणी का बसवून ठेवतो ते तुम्ही तरी लोकांना सांगा," ती म्हणाली. "त्यात अंडी असतात."

अप्पांचा हात कपाळावरच्या विभूतीकडं गेला. "कशाची?"

"जंतांची."

"कशाची बी असू द्या. माझ्या मेथीला अंडं लागून राहिलंय म्हणता?"

"डोळ्याला दिसत नाही ते. माणसाच्या पोटात जंत असले की अंडी संडासातून नाल्यात येतात. नाल्यातून रानात, रानातून पानावर, आणि पानावरून परत पोटात. औषध टाकून मरत नाहीत, टरफल लई घट्ट असतं. पण जड असतात. पाणी हललं नाही की आपोआप खाली बसतात. म्हणून तळी. दुसरं काही नाही."

"हळू बोला," अप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले. "मठातला माणूस इथूनच भाजी नेतो. आमच्यात ह्या वस्तूचं नाव बी काढत न्हाईत, आन् तुम्ही भर दुकानात."

त्या दिवसापासून अप्पांनी पालेभाजी खायची बंद केली. विकायची नाही केली.

मग तिनं शाळेतल्या पोरांच्या पोटात जंत आहेत का ते बघायला डब्या वाटल्या. सकाळी त्यात काय भरून आणायचं हे मास्तरांनी वर्गात सांगितलं, तेव्हा पोरं खूष झाली आणि आईबाप सावध. सात-बाऱ्यावर एकदा चुकलेलं नाव सुधारायला ज्यांच्या चपला झिजल्या, ती माणसं स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून असली वस्तू सरकारला कशी देतील? पुढं कशात वापरतील काय नेम? शेषेरावांच्या शेजारच्या रानाचा मालक व्यंकटी, त्यानं पोराऐवजी वासराचं भरून दिलं. वर्षाराणीनं ते ओळखलं आणि गप्प बसली. बाकीच्या डब्यांत मात्र जंतांची अंडी भरपूर निघाली, अगदी भाजीवाल्यांच्या घरची धरून.

इथून तिचा संशय सुरू झाला. तिसऱ्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तिला कितीदा बघितलं तरी अंडं दिसत नव्हतं. आणि बाजारातून आणलेली मेथीची जुडी धुऊन ते पाणी दुर्बिणीखाली धरलं, की दिसत होतं. म्हणजे ह्या मेथीला तिसऱ्या तळ्याचं पाणी नव्हतंच. कुणीतरी पहिल्याच तळ्यातलं काळं पाणी ओढून रानाला देत होतं.

ती पहिल्या तळ्याच्या बांधावरून चालत गेली. एके ठिकाणी गवत दबलेलं होतं आणि मातीत ओली चरी उमटली होती. चरी थेट शेषेरावांच्या रानापर्यंत गेली होती. पाइप कुठंच नव्हता. शेषेराव बांधाला एका पोत्यावर बसून तंबाखू मळत होते.

"काका, इथून पाइप जातो का कुणाचा?"

"पाइप? कसला पाइप?"

"ही चरी कशाची मग?"

"साप गेला असंल," शेषेराव म्हणाले. "लई मोठाले साप हायत ह्या बाजूला. तुम्ही एकट्या फिरत नका जाऊ."

"खालच्या पाण्यातही कस असतो काका. अंडी आणि गाळ बसतो, विरघळलेलं खत पाण्याबरोबर पुढं येतंच—"

"हाव, हाव," शेषेराव म्हणाले. पोतं मधोमध चांगलंच फुगीर होतं. त्याखाली काय आहे हे विचारायची तिला सोय नव्हती, आणि उठायचा त्यांचा विचार नव्हता.

ह्यानंतर शेषेरावांनी ठरवलं की प्रकरण आता मिटवलंच पाहिजे. तळी होण्याआधी नाल्याचं पाणी एका जुन्या पाटानं थेट रानात यायचं. तो पाट मातीचा बांध घालून बुजवला होता. बांध फोडला की पाणी तळ्यांना वळसा घालून पहिल्यासारखं रानात. वेळ अमावस्येला सगळे भाजीवाले रानात जमतात, तिथं ठरवायचं आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी लावायचा. वर्षाराणीनं वर कळवलं. वरून उत्तर आलं की गावकऱ्यांना योजना नको असेल तर आग्रह धरू नये, सामंजस्यानं घ्यावं. म्हणजे पाट फुटला की तळी वाळणार, आणि सगळ्या गावाचं पोटातलं सामंजस्यानं लातूरच्या ताटांत जाणार. ते थांबवायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.

अशात शेषेराव स्वतः तिच्या खोलीवर आले. टोपी सारखी करून दारात उभे राहिले.

"मॅडम, वेळ अमावस्येला आमच्या रानात जेवायला यायचं."

आमच्या भागात ह्या दिवशी ज्याच्याशी बांधावरून कोर्टात भांडण चालू आहे त्यालाही बोलावतात. न बोलावणं अपमान, आणि बोलावल्यावर न जाणं त्याहून मोठा. तरीही वर्षाराणी दचकली.

"येते की," ती म्हणाली. "आणखी काही?"

"न्हाई, विशेष न्हाई. तुमच्या पाण्यावरची मेथी हाय आमची. ती तेवढी कच्ची खाऊन दाखवा समद्यांसमोर. खाल्ली तर पाट हाय तसा ऱ्हाईल. न खाल्ली तर मंग तुमचंच म्हणणं खोटं, न्हाई का?"

ते गेल्यावर तिनं दोन्ही बाजूंनी हिशोब मांडला. त्या रानाला पहिल्या तळ्याचं पाणी आहे हे तिला पक्कं माहीत होतं, पण पकडून द्यायला हातात काही नव्हतं. मेथी नाकारली तर पाट फुटणार. मेथी खाल्ली तर पोटात जे जाईल त्याला एक गोळी पुरली असती. पण मग शेषेरावांनी स्वतःच पाइपाचं उघड केलं असतं आणि लोक म्हणाले असते, बघा, काळ्या पाण्याची मेथी मॅडमला पचली, तळी कशाला पाहिजेत? खाल्लं काय आणि न खाल्लं काय, पाट फुटायचा तो फुटणारच. शेषेरावांनी सापळा चांगला लावला होता. फक्त त्यांनी तो दुसऱ्याच कारणानं लावला होता, हे तिला माहीत नव्हतं. त्यांचा सरळ अंदाज होता की शिकलेली पोरगी कच्चा पाला खाणार नाही.

आदल्या दिवशी बाजार भरला. भज्जीसाठी पालेभाज्या आणि शेंगा घ्यायला ही गर्दी. वर्षाराणी गुळाच्या दुकानाशी उभी होती, तेव्हा तिला शेषेरावांची बायको चतुराबाई दिसली. चतुराबाई व्यंकटीच्या पालापुढं बसून मेथी निवडून घेत होती.

घरी एवढं मेथीचं रान, आणि ही बाई मेथी विकत घेते?

"मावशी, मेथी?" तिनं जवळ जाऊन विचारलं.

चतुराबाईनं पदर पिशवीवर ओढला. "पाहुणे हायत उद्या."

"उद्याची पाहुणी तर मीच आहे."

"मंग तुमच्यासाठीच म्हणा," चतुराबाई म्हणाली आणि घाईनं निघून गेली. वर्षाराणीनं मागं वळून बघितलं, तर चतुराबाईही मागं वळून तिच्याकडंच बघत होती.

वेळ अमावस्येला कासारखडीत कुलपं तेवढी मागं राहतात. बाकी सगळं गाव रानात. शेषेरावांनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली होती, कोपीत पाच दगडांना चुना लावून पाच पांडव मांडले होते. पूजा झाली, रानाच्या चहूबाजूंनी ताकातली आंबील शिंपून झाली, आणि हरभऱ्याच्या कडेला पंगत बसली. नाल्याकाठचे सगळे भाजीवाले बायकापोरांसकट आले होते. बसवराज अप्पा धंद्याच्या नात्यानं आले होते. वर्षाराणीला बरोबर मधोमध बसवलं होतं, म्हणजे कुठूनही बघितलं तरी दिसेल.

चतुराबाईनं भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, खीर वाढली. लोटे आंबिलीनं भरले. जेवण निम्म्यावर आल्यावर शेषेराव उठले आणि परातीत मेथीची जुडी घेऊन आले. आत्ताच उपटलेली, मुळांना माती, आणि पानं अशी जाडजूड की औषधाच्या जाहिरातीतली वाटावी.

"बगा मॅडम. आमच्या तिसऱ्या तळ्यावरची."

"धुतलीय का काका?"

"तुमच्या शुद्ध पाण्याची भाजी धुवायची कशाला?"

पंगत हसली. वर्षाराणीनं एक काडी उचलली. तोंडाजवळ नेली. मागच्या रांगेतली माणसं गुडघ्यांवर उभी राहिली.

"घ्या की," शेषेराव म्हणाले.

"घेते. पण पंगत आहे काका. पंगतीत एकटीनंच कसं खायचं? सगळ्यांना वाढा, बरोबरच घेऊ."

पंगतीत एकाच्या ताटात आहे आणि दुसऱ्याच्या नाही असं झालं तर घरधन्याची शोभा जाते. शेषेरावांनी जुडी सोडली आणि एकेक काडी वाढत गेले. तेवढ्यात पंगतीत विचित्र प्रकार सुरू झाला. व्यंकटीनं काडी हुंगली आणि मीठ मागितलं. मीठ आलं, तर त्याला आठवलं की दाढ दुखते. एकानं काडी टोपीत खोवली, म्हातारीला आवडते म्हणून. बसवराज अप्पांनी आपल्या काडीला हातच लावला नाही, ताट मात्र थोडं मागं सरकवलं. कुणी खाल्ली नाही. जो तो शेजारचा खातो का ते बघत होता.

"काका, तुम्ही घ्या आधी," वर्षाराणी म्हणाली. "आमच्या हिमायतनगरकडं घरधनी आधी चाखतो."

"आमच्याकडं पाहुण्यानं आधी घ्यायची रीत हाय."

"कधीपासून?" व्यंकटीनं विचारलं. शेषेरावांनी त्याच्याकडं असं बघितलं की दाढ खरंच दुखावी.

"ठेवा ती खाली," चतुराबाई म्हणाली.

ती भज्जीचं पातेलं घेऊन उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी काड्या खाली ठेवल्या. बहुतेकांना तेवढंच कारण हवं होतं.

"पोरीला कामून फसवून राहिलाव?" ती नवऱ्याला म्हणाली. "ह्या मेथीला वरच्या तळ्याचं काळं पाणी हाय. रोज सकाळी पाइप टाकून वढून राहिलेत मालक. म्हणून मी आपली मेथी घरात शिजवत न्हाई. आजची भज्जी बी आपल्या रानाची न्हाई. व्यंकटी भावजीची मेथी हाय, काल बाजारातून आणलेली. गरीब माणूस. तिसऱ्या तळ्याचं जे साफ पाणी मिळतंय तेच घेतंय बिचारं."

व्यंकटीच्या घशात उंडा अडकला. त्याची बायको पुनम शेजारी होती. तिनं त्याच्या पाठीत हाणलं, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"आता सांगा की," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मी सांगते मंग. वैनी, आमच्या बी रानाला वरचंच पाणी हाय. आमचा पाइप बाभळीखालून जातो, तुमच्या पाइपाच्या पल्याडून. म्हणून मी घरासाठी तुमची मेथी न्यायचे, अप्पाच्या दुकानातून. म्हटलं, शेषेराव भाऊजी पुढारी माणूस, एवढं भाषण करतात, त्यांच्या घरात लपवाछपवी नसंल."

"माझी मेथी तुमच्या घरात?" चतुराबाईनं पातेलं खाली ठेवलं.

"आन् माझी तुमच्या."

मग पंगतीत जो हिशोब निघाला तो लावायला बराच वेळ लागला. टोपीत काडी खोवलेला माणूस व्यंकटीची मेथी न्यायचा, त्याची मेथी पलीकडचा न्यायचा. पलीकडच्याची शेषेरावांकडं पाहुणे आले की यायची. प्रत्येकाचा पाइप पहिल्या तळ्यात होता, आणि तो फक्त आपल्याच डोक्यातून निघालेला आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. बाजारासाठी जाड पानाची मेथी आपली, आणि घरासाठी साफ पाण्याची मेथी शेजाऱ्याची, कारण शेजारी साधा माणूस. कासारखडीत लोकांचा एकमेकांच्या सचोटीवर एवढा भरवसा होता हे त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, आणि तिथंच तो संपला.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं ना?" व्यंकटी म्हणाला. "जुड्या तुमच्याच हातून जातात."

"मी जुडी बगतो, पाणी बगत न्हाई," अप्पा म्हणाले. "मी सोता तर नुसत्या वरणावर हाय. किती महिने झाले!"

"म्हणजे तुम्ही सोडली आन् आमाला इकत राहिलाव?"

"तुम्ही बी तेच केलंय ना बाबा."

व्यंकटीनं वर्षाराणीकडं तोंड वळवलं. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, म्हणजे माझ्या पोराच्या पोटात बी..."

"तुमच्या पोराचं मला माहीत नाही," वर्षाराणी म्हणाली. "वासराचं चांगलं आहे."

पंगतीत पुढं कुणीतरी ताटातल्या भज्जीकडं बघितलं आणि बोट आखडलं. ते बघून दुसऱ्यानं आखडलं. थोड्याच वेळात सगळ्या भज्ज्या संशयित ठरल्या.

"शिजलेलं खायला भिऊ नका," वर्षाराणी म्हणाली. "नीट शिजवलं की काही राहत नाही. कच्चंच तेवढं वाईट."

"नीट शिजवलंय का पण?" मागून एक आवाज आला.

"कोण बोललं ते?" चतुराबाईनं पळी उचलली.

कुणीच बोललं नव्हतं.

शेषेराव एवढा वेळ परात धरून उभेच होते. पुढाऱ्याला अशा वेळी बसून चालत नाही. "झालं ते झालं," ते घसा साफ करून म्हणाले. "पाइपाची भानगडच नको म्हणून तर पाट फोडायचा. एकदा फुटला की समद्यांना उघड सारखं पाणी. लपवाछपवी न्हाई. ज्येसीबीवाला उद्या येऊन राहिलाय."

व्यंकटी बोटानं ताटात रेघा ओढत होता.

"समद्यांना सारखं काळं पाणी," तो हळू म्हणाला. "मंग मी घरासाठी मेथी कुणाची आणू?"

पंगतीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि ज्याच्याकडं बघावं तो आपल्यासारखाच निघत होता. इतके दिवस प्रत्येकाच्या मनात एक साफ पाण्याचा शेजारी होता. पाट फुटला की तोही जाणार.

"रेणापूरहून आणू," कुणीतरी सुचवलं.

"आन् तिथल्यांचं पाणी तू बगितलंय का?"

हे सगळ्यांना पटलं.

"ज्येसीबीवाल्याला न्हाई म्हणून सांगा," चतुराबाई नवऱ्याला म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

शेषेरावांनी फोन काढला. रेंज नाही म्हणाले. पुनमनं आपला फोन पुढं केला. त्याला रेंज होती. शेषेरावांनी जेसीबीवाल्याला काम पुढं ढकललंय असं सांगितलं. चतुराबाई म्हणाली, रद्द. मग त्यांनी रद्द सांगितलं.

"आन् वरच्या तळ्यातले पाइप?" व्यंकटीनं विचारलं.

"काढायचे."

"कोण काढणार आधी?"

"तू काढ. मी मागनं काढतो."

"न्हाई, तुम्ही काढा. तुमचा पहिला हाय."

"माझा पहिला कसा? बाभळीखालची चरी जुनी दिसतीया."

"एकदम काढू समदे," अप्पा म्हणाले. "आत्ताच. उद्यावर ठेवलं तर निम्मे राहतील. आन् मी सांगून ठेवतो, पाइप निघाल्याबिगर मी कुणाचीच जुडी उचलणार न्हाई. रानात आत्ता उभी हाय ती बी मला नको."

जेवण अर्धवट टाकून उठायची पंचाईत होती, आणि शेजाऱ्याला पुढं पाठवायचीही. म्हणून सगळी पंगत ताटं हातात घेऊनच पहिल्या तळ्याकडं निघाली. बायका आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन मागं. पाइप निघायला लागले. पोत्याखालून निघाला, बाभळीखालून निघाला, कडब्याच्या गंजीतून निघाला, एक तर वर्षाराणीच्या खोलीच्या भिंतीला लागूनच गेलेला निघाला. सगळे मोजल्यावर एक पाइप जास्त भरला. तो कुणाचाच नव्हता. प्रत्येकानं शपथेवर सांगितलं आणि कुणाचंच कुणी खरं धरलं नाही.

"पुन्हा घातला तर?" व्यंकटी म्हणाला.

"मी बगीन की. माझं रान इथंच हाय," शेषेराव म्हणाले.

"तुमच्यावर कोण बगंल?"

"तू."

"आन् माझ्यावर?"

ह्याच्यावर तोडगा निघेना. आधी उठून घरी जाईल त्याच्या मागं बाकीचे काय करतील ह्याची कुणालाच खात्री नव्हती, म्हणून सगळे बांधावर ओळीनं बसले आणि राहिलेलं जेवण तिथंच सुरू केलं. इतके डोळे कुठल्याच सरकारी कामावर गावानं आजवर ठेवले नव्हते. वर्षाराणीला चतुराबाईनं जवळ बसवलं आणि न विचारता खीर वाढली. दोघींच्या पुढं काळं पाणी पसरलं होतं, त्यावर तरंग नव्हता.

व्यंकटीचं जेवण झालं. तो हात धुवायला उतारावरून खाली निघाला.

"उतरू नका!" वर्षाराणी ओरडली. "पाणी हलवू नका कुणी!"

सगळ्या बांधानं माना वळवल्या. शेषेरावांनी घास खाली ठेवला आणि डोळे बारीक केले.

"कामून?" ते म्हणाले. "काय हाय खाली?"

"आपलंच हाय समदं," चतुराबाई म्हणाली आणि त्यांच्या लोट्यात आंबील ओतली. "बसा गप."